पत्ता तुम्हीच सांगा

"हॅलो, रेडिओ केंद्रातून बोलतेय. श्रोत्यांच्या पुरस्काराला तुमच्या घरनं मत आलंय. खरं का खोटं, तेवढं बघायचंय."

"कुणाच्या नावानं आलंय?" पलीकडून पुरुषाचा आवाज.

भोंगाताईनं नाव वाचलं.

"बायकोच आहे की माझी. जरा कामात आहे. बोला ना."

"पत्ता बरोबर आहे का बघा." तिनं वाचून दाखवला. जुन्या बस डेपोमागची गल्ली, लाँड्रीच्या वर, दुसरा मजला.

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "पुन्हा सांगता? नीट ऐकू नाही आलं."

तिनं पुन्हा सांगितला. सावकाश, पोरांना शुद्धलेखन घालावं तसा.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "एकदम बरोबर." आणि फोन ठेवला.

भोंगाताईचं खरं नाव केंद्रात कुणी घेत नसे. हिला फोन कशाला हवा, खिडकी उघडून बोलली तरी श्रोत्यापर्यंत जाईल, असं स्टुडिओतले लोक म्हणायचे. घरी नवरा म्हणायचा, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हीचा तिला अभिमान होता. एरवी ती श्रोत्यांचे फोन घ्यायची. कुणाचे गुडघे, कुणाची सून, सगळं तिच्या कानातून जायचं. पुरस्कार आले की तिला पडताळणीच्या खोलीत बसवायचे. गायकांचे चाहते मेलेल्या माणसांच्या नावानंही मतं पाठवतात, म्हणून थोडी मतं निवडून त्या लोकांना फोन करायचा.

नियम साधा होता. नाव आपण सांगायचं, पत्ता त्यांनी. पण म्हातारी माणसं चष्मा शोधतात, नातवाला हाक मारतात. भोंगाताई सरळ पत्ता वाचायची, हो म्हणवून घ्यायची, पुढं जायची. बाकीच्यांचं काम अर्धं उरलेलं असायचं तेव्हा हिचं उरकलेलं असायचं.

या मतावरही बरोबरची खूण करून ती पुढं सरकणार, तोच तिचं लक्ष खालच्या चौकटीकडं गेलं. कार्यक्रम का आवडतो, असा तिथं प्रश्न होता. बाईनं लिहिलं होतं, 'घर सोडून एकटी इथं आले. दाराला कडी लावली की आधी रेडिओ लावते. खोलीत आणखी कुणी आहे असं वाटतं.'

पत्ता नवा आणि फोन जुन्या घरचा. वर्षानुवर्षं लिहिलेला नंबर सवयीनं हातातून उतरला असणार.

  कुणाला सांगू नये, गप बसावं, असं एकदा भोंगाताईच्या मनात येऊन गेलं. कोण विचारणार होतं? मग खुर्ची सरकल्याचा तो आवाज पुन्हा कानात वाजला, आणि ती उठली.

श्रोत्यांची माहिती सांभाळणाऱ्या मॅडमना सगळे कुलूप म्हणायचे. पडताळणीच्या खोलीत त्या साधं पेनसुद्धा नेऊ देत नसत. भोंगाताईनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज समोरच्या टेबलापर्यंतही पोचेना.

"मोठ्यानं बोल."

तिनं पुन्हा सांगितलं.

"तू वाचलास? दोनदा?"

"हो."

कुलूपबाईंनी टेबलाचा खण बंद करून किल्ली फिरवली. भोंगाताईला वाटलं, आता नोकरी गेली.

"मॅडम, तिला कळवायचं कसं? नंबर तर त्याचाच आहे. आणि पत्ता पडताळणीशिवाय कशासाठीही वापरायचा नाही, असं तुम्हीच…"

"ज्याची माहिती फुटली त्याला आधी सांगायचं, हेपण मीच सांगितलं होतं. तेव्हा तू दाराशी गप्पा मारत होतीस. चल."

पत्ता लिहून घ्यायची गरज नव्हती. दोनदा मोठ्यानं वाचलेला.

गाडीतून कुलूपबाईंनी पोलिसांना फोन लावला. "माणूस पाठवतो म्हणाले."

"कधी?"

"ते नाही म्हणाले."

डेपो लागला तशी भोंगाताई रस्त्यावरच्या एकेका पुरुषाकडं बघू लागली. त्याचा नुसता आवाज ठाऊक, तोंड कुणाचंही असू शकत होतं. एक जण पानपट्टीशी उभा होता, एक नुसताच भिंतीला टेकला होता. प्रत्येक जण तोच वाटत होता.

लाँड्रीत वाफ कोंडली होती. इस्त्री करणाऱ्या बाईनं मान वर केली नाही. "आज वरच्या खोलीला फारच पाहुणे. मघाशी एक येऊन गेला. वर कुणी राहत नाही म्हटलं त्याला. तुम्हालाही तेच सांगते."

"गेला का तो?"

"दुकानासमोरून गेला. गल्लीतून गेला का, ते मला काय ठाऊक?"

"बाई, चूक माझी आहे. मला वर जाऊ द्या."

इस्त्री थांबली. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि मागच्या जिन्याकडं मान हलवली.

वर दाराआड रेडिओ चालू होता, यांच्याच केंद्राचा. भोंगाताईनं कडी वाजवली तसा तो बंद झाला. 

"रेडिओ केंद्रातून आलेय. तुम्ही मत पाठवलं होतं." ती दाराला तोंड लावून कुजबुजली. "त्याला पत्ता कळलाय."

दार बोटभर उघडलं. एक डोळा दिसला.

"कुणी सांगितला?"

"मी."

त्या बाईनं शिवी दिली नाही, रडलीही नाही. आत वळून कॉटखालची पिशवी ओढली. ती भरलेलीच होती. वर फक्त रेडिओ ठेवायचा राहिला होता, तो तिनं ठेवला. लाँड्रीच्या मागच्या दाराशी कुलूपबाई गाडी घेऊन थांबल्या होत्या; तिघी बसल्या. ती बाई सीटवरून खाली वाकून बसली आणि डेपो मागं पडेपर्यंत तशीच राहिली.

मोठ्या चौकात ती म्हणाली, "इथं सोडा."

"कुठं जाणार ते मला सांगू नका," भोंगाताई म्हणाली.

"सांगणारच नव्हते."

ती गर्दीत शिरली. कोणत्या बाजूला वळली ते दिसू नये म्हणून भोंगाताईनं मान फिरवली.

केंद्रात परतल्यावर कुलूपबाई म्हणाल्या, "वर लेखी कळवावं लागेल. तुझं नाव येईल त्यात."

"येऊ दे."

"तोवर काम आहे की."

भोंगाताई खोलीत येऊन बसली. तिनं पुढचा नंबर फिरवला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"बाईंना देता का फोन?"

"काय काम आहे? मला सांगा की."

"त्यांच्याशीच आहे. त्या नसतील तर मी मागनं करते."

खूप वेळानं एक म्हातारी फोनवर आली.

"आजी, तुमचा पत्ता सांगा."

"तुझ्याकडं असेल की लिहिलेला."

"तुम्हीच सांगा," भोंगाताई म्हणाली. "चष्मा शोधा सावकाश. मी थांबते."