पेन्सिलीच्या खुणा

सौदीत बुरैदाला नोकरीला लागलो तेव्हा आमच्या घरातला पहिला पदवीधर मी होतो आणि प्रत्येक गोष्टीला बिचकत होतो. कंपनीतल्या एका वयस्कर नाशिककर इंजिनिअरांनी मला सहा महिने शेजारी बसवून काम शिकवलं. त्यांना मी काका म्हणत असे. आज जे चार घास खातो, ते त्यांच्यामुळे.

काका कायमचे भारतात परतायला निघाले. त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा एक जुना घरगुती कॉम्प्युटर होता आणि त्या काळातले कॉम्प्युटर मासिकाचे तीसेक अंक. त्या अंकांत अख्खे प्रोग्रॅम छापलेले असत. लोक ते घरी ओळीनं टाइप करून घेत. विमानात एवढं वजन नेता येणार नव्हतं.

"अंक स्कॅन करून सीडीवर दे," काका म्हणाले.

गुरुवारी सुट्टी होती. मी पहिला अंक उघडला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बारीक खूण. आमच्या शाळेत वर्ष संपलं की पुस्तकं खालच्या वर्गाला द्यायची असत, आणि त्याआधी पेन्सिलीचं सगळं खोडरबरानं पुसावं लागे. गुरुजी पान न् पान तपासत. मी त्याच इमानानं अख्खा अंक पुसला.

शुक्रवारी सकाळी तो घेऊन गेलो.

"काका, बघा, एकदम कोरा केलाय."

त्यांनी पान खिडकीकडे धरलं. "खुणा कुठायत?"

"पुसल्या. सगळ्या."

ते खुर्चीत बसले. म्हणाले, "ती वाचायची, मी टाइप करायचो. ओळ झाली की ती खूण करायची."

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्याचं मला ठाऊक होतं. खुणा त्यांच्या हातच्या असतील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

"बाकीचे अंक?"

"हात नाही लावला."

"हं. शाळा चांगली होती रे तुझी. पुसतोस स्वच्छ."

मला मान वर करवेना. काकांनी उठून टीव्ही लावला, कीबोर्ड पुढे ओढला.

"रडू नकोस. वाच."

मी ओळीच्या नंबरापासून वाचू लागलो. "दहा. प्रिंट. अर्धविराम."

त्यांची बोटं थांबली. "काय म्हणालास?"

"अर्धविराम. म्हणजे सेमीकोलन. मराठी शाळा ना, काका, तेच तोंडात येतं."

"तीही अर्धविरामच म्हणायची." त्यांनी खिशातली पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "ओळ झाली की खूण कर. नाहीतर पुढे घोटाळा होतो."

शिसं पुसलं गेलं होतं, पण काकूंच्या पेन्सिलीचा दाब कागदावर अजून राहिला होता. बोटाला लागत होता. मी माझी खूण त्याच्यावर केली नाही, थोडी बाजूला केली.

"वीस," मी म्हणालो, आणि काका टाइप करू लागले.