माजघरातला सदरा

सुट्टीत मी रोज सकाळी समुद्राकाठच्या पायवाटेनं बंद पडलेल्या लोखंडाच्या खाणीपर्यंत फिरून यायचो. तिथं गंजलेले खांब होते आणि खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यावर टपून बसलेला एक खंड्या.

एकदा परतल्यावर पांढरा सदरा धुऊन अंगणातल्या दोरीवर टाकला. घरमालकीण काकूंनी तो लगेच माजघरात नेला.

“भायर नको, तांबडो होतलो.”

“काकू, खाण बंद होऊन किती वर्षं झाली!”

“माका ठावक आसा. पण ह्या हातांका कोण सांगतलो?”

खाणीत राबणाऱ्या यजमानांचे कपडे त्यांनी जन्मभर असेच, खाणीच्या तांबड्या धुळीपासून जपत, आत वाळवले होते. आता यजमानही नाहीत. वारा मात्र समुद्रावरून स्वच्छ येत होता.

सुट्टी संपवून पुण्यात परतल्यावर बॅग उघडली. सदरा पांढराशुभ्र होता. उगाच वाटलं, तो बाहेरच वाळायला हवा होता आणि काकूंच्या शब्दाखातर तरी थोडा तांबडा व्हायला हवा होता.