शिक्का नळीच्या खाली असतो

जुनी बंदूक घेऊन येणारा माणूस तिच्याबरोबर एक गोष्टही आणतो. बंदूक पाहून झाली की परत जाते, गोष्ट मात्र आमच्याकडेच राहते. अशा बऱ्याच साठल्यात. त्यातल्या थोड्या सांगतो.

आम्ही तिघं. सलीमभाईंचं जुन्या नाशकात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यांच्या आजोबांपासूनचं. वैद्य मॅडम कॉलेजात इतिहास शिकवतात. मी नाशिक रोडला छपाईच्या कामात होतो, कोरीव अक्षरं तपासत रिटायर झालो. रविवारी सकाळी दुकानात चहा होतो आणि कुणी ना कुणी विचारत येतं, "ही कुणी बनवली? किती जुनी असेल?" सलीमभाईंचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोलिसांत कळवलंय ना?" त्यानंतरच ते हात लावतात.

* * *

सिन्नरच्या एका कारखानदारांनी हॉलमध्ये लावायला बंदूक विकत घेतली होती. घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि त्याखाली इंग्रजीत 'लंडन'. विकणाऱ्यानं दोनशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगितलेलं.

मी भिंग लावलं. लंडनमधले दोन्ही 'एन' उलटे कोरलेले, आरशात दिसावेत तसे. सलीमभाईंनी नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हा गंज ॲसिडनं चढवलाय."

साहेबांनी स्वतः भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "बरं, लंडनची नसू दे. पण जुनी तर आहे ना?"

"आहे की," सलीमभाई म्हणाले. "गेल्या पावसाळ्यातली असेल."

* * *

एका तरुण इंजिनिअरनं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मी लिहिलं, 'नळीच्या खालच्या बाजूला तपासणीचा शिक्का असतो. त्यावरून देश आणि काळ कळतो. त्याचा जवळून फोटो पाठवा.'

त्यानं बंदूक खांद्यावर घेतलेला स्वतःचा सेल्फी पाठवला.

मी पुन्हा समजावलं. दोन दिवसांनी फोटो आला. नळी स्टीलच्या तांब्यासारखी लख्ख, शिक्का कुठेच नाही. मी फोन केला.

"काका, शिक्का नीट दिसत नव्हता," तो म्हणाला, "म्हणून पॉलिश पेपरनं घासून काढला."

मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि त्या पोराचा नंबर मागून घेतला.

* * *

एकदा आमच्यातच जुंपली. एका निवृत्त हेडमास्तरांची बंदूक होती. मी पट्टीवरची अक्षरं बघून म्हणालो, इंग्लंडची. मॅडम नळीचा शिक्का बघून म्हणाल्या, बेल्जियमची. दोघंही हटेनात. शेवटी सलीमभाईंनी सगळे स्क्रू काढून भाग वेगवेगळे मांडले. पट्टी इंग्लंडची, नळी बेल्जियमची आणि दस्ता आपल्याकडच्या शिसवीचा. तीन ठिकाणचा माल कुणीतरी बेमालूम जुळवलेला.

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. "मग हिला कुठली म्हणायचं?"

"नाशिकची म्हणा," मॅडम म्हणाल्या. "बाहेरून येऊन इथं एकत्र राहिलेत, आपल्या सगळ्यांसारखेच."

* * *

दिंडोरीकडच्या रामभाऊंची बंदूक बघायला मात्र आम्हीच गेलो. रामभाऊ ऐंशीच्या पुढचे, द्राक्षबागेतच घर. बंदूक भिंतीवर, आणि खालच्या दिवाणावर पतवंडं टीव्ही बघत बसलेली.

सलीमभाईंनी बंदूक जपून उतरवली. नळीत लाकडी काठी घातली, तोंडाशी बोटानं खूण धरली आणि काठी बाहेर काढून नळीवर ठेवली. ती बुडाच्या चार बोटं अलीकडेच थांबली होती. आत काहीतरी होतं.

"पोरांना बाहेर न्या," ते हळूच म्हणाले. "ही भरलेली आहे."

रामभाऊंच्या सूनबाईंनी पोरांना उचललं.

पोलिसांना सांगून सलीमभाईंनी नळीत पाणी भरून ठेवलं, आतली दारू निकामी व्हावी म्हणून. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. टोकाला पीळ असलेल्या सळईनं त्यांनी आधी चिंधी ओढून काढली. मग नळी उपडी केली. शिशाच्या गोळ्या पडतील असं वाटलं होतं. पडली ती पितळी घुंगरं. त्यामागून आणखी एक चिंधी आणि काळा चिखल.

रामभाऊंनी एक घुंगरू उचलून धोतराला पुसलं.

"हे तर आमच्या सर्ज्याचं," ते म्हणाले. "गोऱ्हा होता माझा. बिबट्यानं गोठ्यात शिरून मारला. आण्णांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, त्याच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा काढून घेतला अन् ही बंदूक घेऊन ओढ्याकडं जाऊन बसले. परत आले ते गपचिप. बंदूक टांगली, पुन्यांदा कधी हातात घेतली नाय."

"बिबट्या आलाच नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाय आला. आण्णाच म्हनले मला."

रामभाऊंच्या बायको, जिजाबाई, दारात उभ्या होत्या. त्या आत येऊन नवऱ्याशेजारी बसल्या.

"आलता," त्या म्हणाल्या. "बिबटीन होती. संगं दोन पिल्लं होती तिच्या. मामंजींनी शेवटच्या आजारपणात मला सांगितलं. म्हनले, रामाला सांगू नको, त्याचा लय जीव होता सर्ज्यावर."