गोळीच्या पिच्चरचा दुसरा खेळ

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. त्यानंतर जे झालं, त्याला डॉक्टर जबाबदार नाहीत. मी आहे.

नीट दिसायला लागल्यावर आई म्हणाली, "बाळू, तो गोळीचा पिच्चर दाव की रं एकदा."

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. एकदा भविष्यातल्या जगाचा आला. त्याचं खरं नाव घरात कुणालाच आठवत नाही. त्यात मोटारी उडायच्या, घरकाम यंत्रमानव करायचा आणि जेवणाऐवजी माणसं एकेक गोळी गिळायची. आम्ही पोरं मोटारींवर खूश. आई मात्र गोळीवर अडकली. घरी येताना सगळ्या वाटेनं तिचं एकच, "म्हंजे चूल पेटवायचीच न्हाई? भांडी बी न्हाईत?" आणि मी, चौथीतला शास्त्रज्ञ, छाती पुढे काढून म्हणालो, "आई, मी मोठा झालो की भाकरी बंद!"

मोठा झालो. साताऱ्यात सरकारी नोकरीला लागलो. (आमच्या कार्यालयात उडण्याची शक्यता फक्त छताच्या पंख्याची आहे.) भाकरी काही बंद झाली नाही.

तो सिनेमा ऑफिसातल्या एका मित्रानं इंटरनेटवरून शोधून माझ्या मोबाइलवर उतरवून दिला. आई तेव्हा तासगावला अक्काकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. दाजींची तिथं द्राक्षबाग आणि मळ्यातच बेदाण्याचं शेड. मी प्रोजेक्टर उसना घेतला, एसटीत मांडीवर धरून तासगाव गाठलं आणि जाहीर केलं, "आज बायकांना सुट्टी! शेडमध्ये बसून सिनेमा बघायचा, जेवण मोबाइलवरून येईल. भविष्य आलंय!"

"नक्की येणार न्हवं?" अक्कानं विचारलं. "भविष्य न्हवं, जेवण."

"अक्का, बटण दाबलं की दारात!"

(इथंच कुणीतरी माझं तोंड दाबायला हवं होतं.)

दाजींनी शेडमध्ये चादर ताणली. बातमी फुटली आणि निम्मी वस्ती आली. मी उदारपणे सगळ्यांचं जेवण मागवलं आणि सिनेमा सुरू केला.

ज्या उडत्या मोटारीच्या गोष्टी मी जन्मभर सगळ्यांना ऐकवल्या, ती मोटार दोरीला लोंबकळत होती. दोरी स्वच्छ दिसत होती!

"मेव्हणं," दाजी म्हणाले, "गाठ कुणी मारलीया, लय ढिली हाय!"

यंत्रमानव म्हणजे तेलाच्या डब्यात शिरलेला माणूस. खाली चपला. त्यातल्या एकीचा अंगठा तुटलेला! वस्ती पोट धरून हसत होती. हसत नव्हती ती फक्त आई. ती गोळीची वाट बघत होती.

गोळी आली. पडद्यावरचं कुटुंब टेबलाभोवती बसलं, गोळ्या गिळल्या, पाणी प्यायलं आणि उठून चार दिशांना निघून गेलं.

"आरं, झालं?" आई म्हणाली. "उठली बी? मग ह्येंनी एकमेकाशी बोलायचं कवा?"

मी काहीतरी विचारवंतासारखं बोलणार, एवढ्यात पडद्यावरची मोटार हवेत थबकली आणि स्पीकरमधून दणका आला, "हॅलो! शेड कुठलं?"

"यंत्र बग की!" आई हरखली. "आपल्यावानीच बोलतंय!"

तो जेवण आणणारा माणूस होता. सिनेमा माझ्या मोबाइलवरून चालला होता, त्यामुळे फोनही सगळ्या वस्तीला आला.

"पांढऱ्या शेडपाशी या!" मी ओरडलो.

"सायेब, हितं समदीच शेडं पांढरी हायती!"

मग वस्ती रस्ता सांगायला उठली. "वड्यावरनं डावीकडं!" "आवं न्हाई, टाकीपासनं उजवीकडं!" "गड्या, तू हाईस तितंच थांब!" बिचारा थांबला असावा, कारण त्याच क्षणी माझ्या मोबाइलची बॅटरी संपली. चार्जर साताऱ्यात, आणि वस्तीतला एकही माझ्या मोबाइलला बसेना. सिनेमा गेला, जेवण गेलं, त्या माणसाचा नंबरही गेला.

भुकेले हात बेदाण्याच्या जाळ्यांकडे वळले तसे दाजी आडवे आले. "हात लावायचा न्हाई! वाळायचाय अजून!"

मी केविलवाण्या नजरेनं अक्काकडे पाहिलं.

"सुट्टी म्हंजे सुट्टी!" अक्का म्हणाली आणि बाकीच्या बायकांनी आणखी ऐसपैस मांडी घातली. आईला तर धुराजवळ जायला डॉक्टरांची बंदी.

शेडवर मजुरांसाठी ठेवलेलं ज्वारीचं पीठ होतं, ठेचा होता, कांदे होते. बाहेर तीन दगडांची चूल होती. दाजींनी छाटलेल्या द्राक्षकाड्या पेटवल्या आणि मी परातीला भिडलो. आई लांब खाटेवर बसून हुकूम सोडत होती. "पानी कढत घे! आरं, थाप, मारू नगंस तिला!"

पहिली भाकरी उचलली. निम्मी हातात आली, निम्मी परातीतच राहिली. दुसरीची तव्याकडची बाजू कोळसा आणि वरची पीठ. दाजी धुरातून डोळे पुसत म्हणाले, "मेव्हणं, ती गोळीच बरी व्हती!"

तिसरी त्यातल्या त्यात एकसंध निघाली. ती मी तव्यावरून थेट आईच्या ताटात टाकली. आईनं एक तुकडा मोडला, चावला आणि चावतच राहिली.

"करपली का गं?"

"करपलीया. कच्ची बी हाय." तिनं पदरानं डोळे टिपले. (धूर तिच्यापर्यंत पोचत नव्हता.) "पर जल्मात पयल्यांदा कुणी मला तव्यावरची भाकरी वाढली बग. माझ्या वाटणीला कायम निवलेली. आन की अजून एक."

अक्का उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. मग कांदे फुटले, ठेचा फिरला, एकेका भाकरीसाठी सगळे हात पसरून थांबले आणि थांबता थांबता गप्पांना ऊत आला. आई इतकी बोलली, इतकी हसली, की परातीत हात असतानाच मी त्या सिनेमावाल्यांचे मनापासून आभार मानले. बरं झालं, बिचाऱ्यांचं काहीच खरं ठरलं नाही!

आता दर रविवारी मी तासगावला जातो आणि आईसाठी भाकरी करतो. परवा एक अख्खी, गोल, चक्क फुगलेली निघाली. मी तिचा फोटो काढला, मोबाइलच्या पडद्यावर लावला आणि सोमवारी ऑफिसात मोबाइल मुद्दाम टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. शिपाई चहा घेऊन आला. वाकून वाकून बघत राहिला. मी मान खाली घालून कौतुकाची वाट बघतोय!

"सायेब," तो म्हणाला, "चंद्राचा फोटो लय झ्याक आलाय. खड्डं सुदिक दिसत्यात!"

"हो," मी म्हणालो, "गच्चीवरून काढलाय."