चतुराबाईचे दोन थेंब

अकोल्याच्या बायकांच्या दवाखान्यातली चतुराबाई आया सातमाशी पोरांना अफू चारते, असं अख्खी जठारपेठ बोलायची. आमच्या शेजारच्या मैनाबाई तर डोळे फिरवून सांगायच्या, "अवं माय, सुई टोचली तरी पोट्टं हूं का चूं करत नाई! अफूच हाय, दुसरं काय?" (मोठ्यानं वाचलंत तर मागोमाग त्यांची तपकिरीची शिंकही ऐकू येईल. ती मी उत्तम काढते.)

अफू नव्हती. वाटीत उकळून गार केलेलं पाणी, त्यात खडीसाखर, आणि धुऊन वाळवलेल्या मलमलीची वात. सुईच्या आधी जिभेवर दोन थेंब. मग बाळाचे दोन्ही हात छातीशी दुमडून, सुई निघेपर्यंत आपल्या तळव्याखाली धरायचे. एवढंच.

मला हे ठाऊक, कारण बासष्ट साली माझ्या रमाताईला सातव्याच महिन्यात मुलगा झाला. पुरता तीन पौंडांचाही नव्हता. काचेच्या पेटीत, कापसात गुंडाळलेला, दोन्ही अंगांना गरम पाण्याच्या बाटल्या आणि नाकात ऑक्सिजनची रबरी नळी. तो ऑक्सिजन आधी पाण्याच्या बाटलीतून यायचा, म्हणून खोलीत दिवसभर बुडबुड, बुडबुड. दुसऱ्याच दिवशी मी तो आवाज असा काढला, की दुसरं सिलिंडर कुणी उघडलं म्हणून नर्स इंदूबाई धावत आल्या. चतुराबाई तेवढी हसली. "काहून वं पोरी, तुह्या घशात कारखाना हाय काय?"

ती रिद्धपूरकडची. छप्पन साली नवऱ्याबरोबर बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, पुढल्या वर्षी तो वारला आणि वावरातली मजुरी सोडून ती दवाखान्यात लागली. बोलायची तुटक, लाकडं फोडल्यासारखी. मोठे डॉक्टर पुण्याचे. ते नाकातून, मऊ मऊ सांगायचे, "एवढ्या अपक्व जिवाला वेदना होत नाहीत हो. मज्जातंतू तयारच नसतात." त्यांची पाठ वळली की चतुराबाई म्हणायची, "हे पोटातूनच मोठे होऊन आले असतीन."

एकदा मी विचारलंच, "चतुराबाई, लोक म्हणतात तुम्ही अफू देता."

ती वात पिळत होती. थांबली.

"देल्ली. एक खेप. माह्या पोरीले. वावरात निंदाले जायचं होतं, पोरगी धुऱ्यावर लई रडे. सगळ्याच बाया देत. सांजच्याले उठवाले गेली तं..." तिनं पिळलेली वात पुन्हा पिळली. "तवापासून हात नाई लावला."

घरी गेल्यावर मी हे सगळं आईला करून दाखवलं. चतुराबाईवरचा आळ जाईल असं वाटलं होतं मला. आवाज तिचाच, थांबणंही तिचंच. आणि इतकं हुबेहूब झालं, की आईला त्यातलं 'देल्ली' तेवढंच लक्षात राहिलं.

"आणि त्या बाईच्या हातचं पाणी माझ्या नातवाच्या तोंडात जातंय?" हे ती घरी बोलली. सकाळी डॉक्टरांपुढे मात्र पाण्याचं नाव नव्हतं, नुसती अफू होती.

डॉक्टरांनी वाटी हुंगली, खिडकीतून ओतून दिली आणि सांगितलं, "आयाबाईंनी या पेटीला हात लावायचा नाही."

तो बाळाचा नववा दिवस. चतुराबाई दाराशी स्टुलावर बसून होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं; त्याही मी पाठ केल्या असत्या. तिनं फक्त विचारलं, "आता सुईच्या टायमाले त्याचे हात कोन धरन?"

"डॉक्टर म्हणतात त्याला कळतच नाही," मी म्हटलं. मलाही ते खरं असायला हवं होतं. "आणि दुखलं तर रडेलच की. माझ्या कानांतून काही सुटत नाही."

"लावतं पैज?"

"लावते."

"भितीकडे तोंड कर. दुखलेलं आयकू आलं तं सांग. नाई आलं अन् तरी दुखलं असन, तं वाटी तुह्या हाती."

मी भिंतीकडे तोंड केलं. इंदूबाईंची पावलं. पेटीचं झाकण. स्पिरिटचा वास. सिरिंज ट्रेमध्ये किणकिणली. मग नुसतं बुडबुड, बुडबुड. मी श्वास रोखून ऐकत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "दुखलं नाही त्याला. मी जिंकले."

"फिर," चतुराबाई म्हणाली.

सुई अजून मांडीतच होती. कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या, तोंड सताड उघडं, दोन्ही हातांची बोटं ताणून फाकलेली. बरगड्यांखालची कातडी आत आत ओढली जात होती. आवाज नव्हता.

"श्वासच पुरत नाई त्याले," ती दारातून म्हणाली. "रडाले कुठून आनन?"

बाळ एकोणीस दिवस जगलं. उरलेले दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वाटी माझ्या हातात होती. आईनं हरकत घेतली नाही, पाणी आता आमच्या घरचं होतं. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करत. चतुराबाई स्टुलावरून उठायची नाही. तिथूनच सांगायची, "दोनच. तिसरा नोको. आता हात धर. सुई निंगेलोक सोडू नोको, हरली हायेस तू."