राउटरला दोन कुलपं

विजेच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा झाला की काका आधी हाताची उलटी बाजू लावून बघायचे. सुलट्या पंजाला शॉक बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून राहतो, उलट्या हाताला बसला तर हात आपोआप मागे येतो, असं त्यांचं शास्त्र. मिक्सर, फ्रिज, इस्त्री, कशाचीही सुटका नव्हती. आमच्या बेलच्या बटणालासुद्धा ते आधी उलटा हात लावायचे.

"आधी बंद, मग हात," हे त्यांचं पालुपद. समोरच्या फ्लॅटमधले काका. नंदेसरीच्या एका केमिकल फॅक्टरीत सत्तावीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. पत्नी गेलेली, मुलगा पुण्याला. निवृत्त झाले, पण फॅक्टरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

तुमच्याही सोसायटीत असं एखादं पात्र असेलच. पार्किंगमधल्या स्कूटरी हलवून बघणारं, गच्चीचा जिना कोणी पुसला आणि कोरडा का नाही केला याची चौकशी करणारं. अशा माणसाचा वैताग येतो. मला तर फार यायचा. पुढेही तो येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

बडोद्यात तेव्हा ब्रॉडबँड नवं होतं. मी घरून मेडिकल ट्रान्सक्रिप्शन करत असे, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत परत पाठवायचे. यजमानांची वाघोडियाची कंपनी बंद पडलेली. घर माझ्या बोटांवर चाललं होतं. टेलिफोनवाल्यांनी सांगितलं की आमच्या भागात नवी जोडणी देण्याएवढी जागाच उरलेली नाही. शेवटची जागा काकांना मिळाली होती. त्यांना इंटरनेटवर फक्त मुलाचे फोटो बघायचे असत. म्हणून ठरलं की त्यांच्या लाइनीवर वायरलेस राउटर बसवायचा आणि मी तो माझ्या घरातून वापरायचा.

राउटर बसवायला तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी त्यांनी माहितीपुस्तक लाल पेन घेऊन वाचलं. दुसऱ्या रविवारी डबा उघडला आणि बंद केला, कारण अँटेना किंचित सैल वाटली. तिसऱ्या रविवारी एकदाचे दिवे लागले. मी पासवर्ड काय ठेवायचा विचारलं, तर म्हणाले, थांबा ने, आधी धोके लिहून काढू. आणि खरंच लिहून काढले, चार पानं.

तुम्ही म्हणाल, सुरक्षितता चांगलीच की. मान्य. पण ऐका. आमच्या नेटवर्कचं नाव लपवलेलं होतं, त्यामुळे माझ्या कॉम्प्युटरलाही ते सापडत नसे. प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो. माझ्या कॉम्प्युटरचा नंबर त्यांनी रजिस्टरात उतरवला, माझी सही घेतली आणि राउटरला सांगितलं की याच्याशिवाय कोणाला आत घ्यायचं नाही. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. तो ते तोंडाने सांगत नसत, फोनवर तर नाहीच. चिठ्ठीवर लिहून दाखवायचे, मी वाचला की चिठ्ठी फाडून बेसिनमध्ये भिजवायचे. त्यांच्या दारापासून माझ्या दारापर्यंत सहा पावलं. त्या सहा पावलांत मी पासवर्ड विसरायचे. मग परत बेल, परत चिठ्ठी, परत बेसिन.

वरच्या मजल्यावरच्या बेन एकदा भाच्यासाठी एका दिवसापुरता पासवर्ड मागायला आल्या. "काका, आपो ने, एक ज दिवस माटे." काकांनी त्यांना पाटावर बसवून छापील अर्ज दिला. अर्जात 'कामाचे स्वरूप' असा रकाना होता. बेन चहा पिऊन परत गेल्या.

एकदा चिठ्ठी भिजायची वाट बघत असताना मी सहज विचारलं, निवृत्त झालात तेव्हा फॅक्टरीत मोठा समारंभ झाला असेल. त्यांनी बेसिनमधला लगदा बोटाने ढवळला. मग म्हणाले, "झाला ने. पण माझ्याबद्दल बोलायला कोणाकडे काही नव्हतं. सत्तावीस वर्षांत काही झालंच नाही. प्रॉडक्शनवाल्याने किती माल काढला ते सांगता येतं. काय झालं नाही, ते कसं सांगणार?" शेवटी मॅनेजर म्हणाला की हे फार वक्तशीर होते, आणि नारळ दिला. हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. मला मात्र घरी आल्यावर उगाच कसंतरी वाटलं, आणि पासवर्ड अर्थातच विसरले होते.

खरी ठिणगी पडली ती त्यांना वाघोडियाला भाचीकडे वास्तुशांतीला जायचं होतं त्या दिवशी. माझ्या हातात तातडीची फाइल होती. आधीच्या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता, आणि कंपनीच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा झाला तर काम बंद. दुपारी फाइल पाठवायला बसले तर नेटवर्क नाही. समोर दाराला कुलूप. घराबाहेर जाताना मशीन बंद, हा त्यांचा नियम. संध्याकाळी ते पेढे घेऊन आले तेव्हा फाइलची वेळ टळून गेली होती.

मी दारातच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एक मात्र आठवतं, कारण ते मी नेम धरून बोलले होते. "तुमच्या फॅक्टरीत कधी काही झालं नाही, म्हणून आता माझंही काही होऊ द्यायचं नाही, असं ठरवलंय का तुम्ही?"

त्यांनी पेढ्यांचा पुडा आमच्या चपलांच्या कपाटावर ठेवला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क उघडं होतं. नाव दिसत होतं, पासवर्ड नव्हता, काही नव्हतं. दोन दिवसांत सोसायटीभर बातमी झाली. वरच्या बेनच्या भाच्याने सिनेमे उतरवायला घेतले, खालच्यांनी आणखी काही. माझी एवढीशी फाइल तासन्‌तास जागची हलेना. मी हातापाया पडल्यावर कंपनीच्या बाईंनी आठवड्याभराची शेवटची संधी दिली होती, आणि मी पडद्यावरच्या न सरकणाऱ्या निळ्या पट्टीकडे बघत कपाळ बडवत होते. माझ्याच तोंडाने मी हे ओढवून घेतलं होतं. चौथ्या दिवशी गेले आणि म्हटलं, काका, माझं चुकलं. बंद करा ते.

"चूक माझी होती," ते म्हणाले. "काम तुमचं, आणि मशीन माझ्या कुलपात. असं कधी ठेवायचं नसतं."

त्यांनी ते चार दिवस नुसते घालवले नव्हते. खंडेराव मार्केटजवळून कुलपं आणली होती आणि एक लाकडी पेटी केली होती, हवेला भोकं पाडलेली. नेटवर्कला परत पासवर्ड लावला, वायर ओढून राउटर माझ्या घरात आणला, त्याचा प्लग आणि बटण पेटीत घातलं. पेटीच्या कडीला दोन कुलपं बसत. फॅक्टरीत दुरुस्तीसाठी बंद केलेल्या मशीनमध्ये जितकी माणसं हात घालतात, तितकी कुलपं त्याच्या बटणाला लागतात, म्हणजे आत हात असताना कोणी ते सुरू करू नये. ज्याची किल्ली त्याच्याकडे. सगळी निघाली की मगच मशीन सुरू. दुसऱ्याचं कुलूप कोणी काढायचं नाही, मॅनेजरनेसुद्धा नाही. एक कुलूप माझं, एक त्यांचं. ते बाहेरगावी जाणार असतील तर त्यांचं उघडं राहील, हेही त्यांनी आपणहून मान्य केलं.

म्हणजे सुटका झाली असं समजू नका. आता रोज सकाळी नऊला ते स्वतः यायचे. ते त्यांचं कुलूप काढणार, मी माझं काढणार, दिवे लागणार, मग ते चहा घेणार. संध्याकाळी सातला परत दोन्ही कुलपं. पाहुणे असोत, गणपती असोत, नऊ म्हणजे नऊ. मी कुरकुरत दार उघडायचे. पण त्या दिवसापासून माझी एकही फाइल चुकली नाही, हे कुरकुरतच कबूल करायला हवं.

असं वर्षभर चाललं. मग एका सकाळी नऊ वाजले आणि ते आले नाहीत. सव्वानऊला मी चिडून त्यांची बेल दाबली. साडेनऊला दार बडवलं. आता दोन शब्द ऐकवायचेच, असं ठरवून उभी होते. खालून वॉचमन आला आणि म्हणाला, काकांच्या छातीत पहाटे दुखायला लागलं, अँब्युलन्स घेऊन गेली. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

मुलगा पुण्याहून आला. कंपनीच्या बाईंनी मला तीन दिवस दिले होते. चौथ्या दिवशी मी संकोचत किल्ली मागितली. त्याने जुडगा बघितला, दवाखान्यातून आलेले कपडे बघितले. किल्ली कुठेच नव्हती. तोडून टाका काकू, त्यात काय, असं तो म्हणाला.

यजमान करवत घेऊन बसले तेव्हा पेटीच्या बाजूला चिकटवलेला कागद मी पहिल्यांदा नीट वाचला. वर लिहिलं होतं, 'कुलूपमालक गैरहजर असल्यास'. खाली चार ओळी, प्रत्येकीपुढे सहीची जागा. यजमानांना म्हटलं, जरा थांबा.

पहिली ओळ, मालकास फोन करावा. मी त्यांचा नंबर लावला. समोरच्या घरात घंटी वाजलेली मला ऐकू आली. मुलाने उचलला. मी म्हटलं, काही नाही रे, नियम होता. सही केली.

दुसरी ओळ, मालक आवारात नाही याची स्वतः खात्री करावी. ती मी केली होती. फाटकातून स्मशानाकडे गाडी निघाली तेव्हा मी तिथेच उभी होते. सही केली.

तिसरी, कुलूप कापावे. कापलं. दिवे लागले, फाइल वेळेत गेली.

चौथी ओळ अशी आहे, 'मालक कामावर परत येताच, त्याने यंत्रास हात लावण्यापूर्वी, त्याचे कुलूप कापले आहे हे त्यास समक्ष सांगावे.'

मला भयंकर राग आला त्यांचा. तिथे बसून मी रडले. त्या ओळीपुढची जागा अजून कोरी आहे.