तळ्याच्या पाळीवरचं घर

नागभीडकडच्या आमच्या गावात तळ्याच्या पाळीला लागून एक घर होतं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. त्या घरात आमच्याच मासे धरणाऱ्या ढिवर जातीतला एक माणूस आणि त्याच्यासोबत राहणारी बाई, असे दोघंच असत. सोबत राहणारी म्हणते, कारण लग्न नव्हतं. तिचा पहिला नवरा काडीमोड देईना, म्हणून हिला याच्याशी पाटाचं दुसरं लग्न लावता येईना. ती बापडी तशीच निघून आली. घराच्या भिंती दोघांनी मिळून उभ्या केल्या. तळ्यातली माती वाहून वाहून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. बायका त्यावरून चिडवायच्या, तर म्हणायची, "केस गेले तं गेले, घर तं झालं नं!"

तो तापानं गेला. त्याच्या मोठ्या भावाचा डोळा घरावर होताच, पण त्याला आधी घाई मासोळीची. उन्हाळ्यात तळं आटत आलं की सगळे मिळून जाळी टाकतात, आणि जो टाकील त्यालाच वाटा. आमच्या गावची रीत अशी, की मेलेल्याच्या बायकोच्या बांगड्या पाळीवर फुटल्याशिवाय त्याच्या भावाचं सुतक फिटत नाही आणि जाळं पाण्यात पडत नाही. बांगड्या फोडायच्या दहाव्याला. एवढा धीर कुणाला! तिसऱ्याच दिवशी त्यानं आपल्या बायकोला पुढं घातलं. जावेनं तिला पाळीवर बसवली, गळा काढला, दगडानं बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. दुपारी याचं जाळं पाण्यात. मला त्या माणसाची किळस आली होती, आजही येते.

दहावं आटोपलं आणि हा तिच्या दारात. "घर खाली कर. तू का माह्या भावाची बायको हायेस? ठेवलेली होतीस."

माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. घर गेलं तर ती झाडाखाली.

पंचायत आमच्या ओसरीवर बसली, कारण माझे सासरे, आमचे मामाजी, पंचांत मोठे. ती आणि तिची जाऊ ओसरीच्या कडेला, मी दाराआड उभी. शाळेतले गुरुजी म्हणाले, नवा कायदा आलाय, आता विधवेलाही वाटा मिळतो. मिळतो म्हणे! पण कायद्याला आधी बायको लागते.

"लगन नाई, पाट नाई," भाऊ ऐटीत म्हणाला. "बायको कायची?"

मामाजी तंबाखू मळत होते. "अन् तिसऱ्या दिवशी तुह्यं जाळं पाण्यात कसं पडलं रे?"

"रीत केली नं. बांगड्या फोडल्या."

"कोनाच्या?"

मेल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. हिच्या म्हणावं, तर ती बायको ठरते. नाही म्हणावं, तर सुतकात जाळं टाकलं म्हणून जातीबाहेर. त्यानं बायकोकडे डोळे वटारले. ती फणकारली, "माह्याकडं काऊन पाहता? तुमीच तं धाडलं मले!" सगळी ओसरी हसली.

निकाल लागला. ती त्याची बायको, जिवंत आहे तोवर घर तिचं. मला इतका आनंद झाला की दाराआड मी पदर तोंडात धरला. वाटलं, आता ही पंचांच्या पाया पडेल.

ती जागची हलली नाही. मामाजींना म्हणाली, "एक इचारू? तो मेला म्हनून घर भेटलं. जित्ता असता, अन् त्यानंच मले हाकललं असतं, तं?"

"असं काऊन बोलतेस, बाई?" मामाजी म्हणाले. "तो चांगला मानूस होता."

"चांगलाच होता. मी रीत इचारून राह्यली."

पंच एकेक करून धोतर झटकत उठले. मामाजींनी आत हाक मारली, "सूनबाई, भात टाका." मी गेले आणि तांदूळ धुवायला घेतले.